आधी पूड, मग पडदा

साडेसहा इंची मोबाइलचा पडदा साधारण शंभर चौरस सेंटिमीटरचा असतो. तो ओएलईडी, म्हणजे वीज दिली की स्वतः प्रकाशणाऱ्या सेंद्रिय थरांचा, असेल तर विजेची ने-आण करणारे आणि प्रकाश देणारे त्यातले सगळे सेंद्रिय थर मिळून जेमतेम दोनशे नॅनोमीटर जाडीचे भरतात. क्षेत्रफळाला जाडीने गुणा, घनता सव्वा धरा, उत्तर येतं अडीच मिलिग्रॅम. एक कोटी फोनचे पंचवीस किलो, म्हणजे सिमेंटची अर्धी गोणी. आणि त्यातला प्रत्यक्ष रंग देणारा जो घटक, ज्याला डोपंट म्हणतात, तो एका फोनमागे काही मायक्रोग्रॅमच.

ही अर्धी गोणी पूड कोण बनवतं, आणि त्यातून कोण कमावतं, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कुणी विचारत नाही. आपल्याला पडद्याचा कारखाना हवा असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांत-फॉक्सकॉनने १ लाख ५४ हजार कोटींच्या सेमीकंडक्टर आणि डिस्प्ले प्रकल्पाचा करार गुजरातशी केला. तो प्रकल्प तळेगावला येणार अशी अपेक्षा असल्याने महाराष्ट्रात महिनाभर रणकंदन झालं. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन बाहेर पडली. तोवर प्रकल्प कुणी पळवला यावर रकानेच्या रकाने भरून झाले होते, पण तिथे जे बनणार होतं त्यासाठी लागणारा माल कुठून येणार होता, यावर चार ओळीही आल्या नाहीत.

पडदा बनवण्याच्या धंद्यात पैसा आणि पकड दोन्ही पडदा बनवणाऱ्यापेक्षा त्याला माल, मास्क (थर नेमक्या जागी बसवायचा भोकांचा पत्रा) आणि यंत्रं पुरवणाऱ्याकडे जास्त आहेत. महाराष्ट्राने शिरायचं असेल तर त्या दाराने शिरावं, असं आमचं म्हणणं आहे.

आकडे पाहा. न्यू जर्सीतल्या युइंगची युनिव्हर्सल डिस्प्ले कॉर्पोरेशन एकही पडदा विकत नाही. तिच्याकडे लाल आणि हिरवा प्रकाश देणाऱ्या फॉस्फोरेसंट पदार्थांची पेटंटं आहेत, त्यांची पूड ती विकते आणि परवान्याचे पैसे घेते. पूडही स्वतः बनवत नाही, पीपीजी या रंगांच्या कंपनीकडून बनवून घेते. २०२४ मध्ये तिचं उत्पन्न सुमारे ६५ कोटी डॉलर होतं आणि ढोबळ नफा ७७ टक्के. आता तिचा माल घेणारे पाहा. एलजी डिस्प्लेला २०२३ मध्ये सुमारे अडीच लाख कोटी वॉनचा परिचालन तोटा झाला. त्यात एलसीडीचा वाटा आहे हे मान्य, पण मोठ्या ओएलईडी टीव्हीचे पॅनल बनवण्यात जगात पहिली असलेली ही कंपनी. सोनी आणि पॅनासॉनिकच्या विभागांतून उभी राहिलेली जपानची जेओलेड शाईसारखे थर छापण्याचं तंत्र घेऊन आली आणि मार्च २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या संरक्षणाखाली गेली.

जपानची गोष्ट तर आणखी बोलकी. १९८७ मध्ये कोडॅकच्या टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी ओएलईडीच्या ज्या रचनेचा शोधनिबंध लिहिला, तिच्यावरचा पहिला विकाऊ पडदा पायोनियरने १९९७ मध्ये गाडीच्या स्टिरिओत बसवला. पहिला ओएलईडी टीव्ही सोनीने २००७ मध्ये काढला, अकरा इंची. आज मोबाइल पडद्यांचा बाजार कोरिया आणि चीनकडे आहे. जपानी पडदेवाले गेले, पण जपानी पुरवठादार गेले नाहीत. निळ्या प्रकाशाचे पदार्थ देणारी इदेमित्सु कोसान मुळात तेल शुद्धीकरणाची कंपनी. मास्क डाय निप्पॉन प्रिंटिंगचे, तिचं मूळ काम छपाई. आणि पूड तापवून तिच्या वाफेचे थर बसवणारी बाष्पीभवनाची यंत्रं निगाता प्रांतातल्या मित्सुके गावच्या कॅनन टोकीची. तिची एक रांग शंभर मीटरच्या पुढे जाते आणि २०१६-१७ च्या सुमाराला तिच्यासाठी दोन-दोन वर्षं थांबावं लागत होतं.

या लोकांची पकड इतकी घट्ट का, ते पुडीच्या जवळ गेल्याशिवाय कळत नाही.

शाळेत कापूर किंवा नवसागर तापवून संप्लवन शिकवतात. ओएलईडीची पूड शुद्ध करायची रीत तीच. लांब नळी, आत उच्च निर्वात, तापमान एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उतरत गेलेलं. कच्ची पूड गरम टोकाला ठेवतात. वाफ पुढे सरकते. जड अशुद्धी मागेच राहते, हलकी थेट थंड टोकाला जाऊन बसते, आणि मधल्या पट्ट्यात हवा तो पदार्थ जमतो. तो खरवडून काढायचा आणि पुन्हा नळीत घालायचा. पट्टा नेमका कुठून कुठपर्यंत खरवडायचा हे ज्याला कळतं तो माणूस कंपनी सोडू देत नाही. दोन सेंटिमीटर जास्त खरवडले तर उतारा वाढतो आणि शुद्धता जाते.

औषध कंपनीत मुरलेल्या माणसाला एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, ९९.९ टक्के दिसलं की बॅच पास वाटते. इथे काम तिथून सुरू होतं. हे रेणू जोडताना सुझुकी किंवा बुखवाल्ड अभिक्रिया वापरतात, म्हणजे कच्च्या मालात ब्रोमीन किंवा क्लोरीन आणि उत्प्रेरक म्हणून पॅलॅडियम. ब्रोमीन काही पीपीएम (दहा लाखांत काही भाग) जरी रेंगाळला, तरी थरातून विद्युतभार ये-जा करू लागला की त्याचा बंध तुटतो, तिथे भार अडकून राहतो आणि पडदा ठरल्या वेळेआधी मंदावतो. एचपीएलसीच्या आलेखात यातलं काहीच दिसत नाही. त्यासाठी नमुना जाळून, निघालेला वायू पाण्यात शोषून, आयन क्रोमॅटोग्राफीवर हॅलोजन मोजावा लागतो. पॅलॅडियमसाठी आयसीपी-एमएस, हे धातूंचे सूक्ष्म अंश मोजणारं यंत्र. आणि एवढं करूनही खरा निकाल लागतो तो छोटा दिवा बनवून, त्यात ठरावीक प्रवाह सोडून, तेज पाच टक्क्यांनी उतरायला किती तास लागतात ते मोजल्यावर. ते तास शेकड्यांनी, कधी हजारांनी असतात. नमुना आज दिला आणि उत्तर उद्या आलं, असा हा धंदाच नाही.

मग पूड यंत्रात जाते. सोनाराच्या मुशीसारखी मूस, निर्वातात, पदार्थाप्रमाणे दोनशे ते चारशे अंश. ही मूस दिवसेंदिवस तापलेली राहते, कारण निर्वात मोडून यंत्र उघडणं म्हणजे उत्पादन बंद. पहिल्या दिवशी उत्तम चालणारा रेणू चौथ्या-पाचव्या दिवशी मुशीत विघटन पावू लागला तर काचेवरचा रंग हळूहळू सरकतो. पुडीत ओल किंवा द्रावक अडकलेला असेल तर ती तडतडते आणि शिंतोडे काचेवर बसतात. शिवाय निघालेल्या वाफेचा मोठा भाग काचेवर पोचतच नाही, भिंतींवर आणि मास्कवर जमतो. तो खरवडून, पुन्हा शुद्ध करून परत देणं हा स्वतंत्र व्यवसाय आहे, आणि पुडीचा दर पाहता किफायतशीर आहे.

आता मास्क. रांगोळीचा छाप ठेवून रंग भरताना छाप केसभर सरकला की लाल हिरव्यात मिसळतो. इथे छाप म्हणजे वीस-तीस मायक्रॉन जाडीचा इन्व्हारचा पत्रा. लोखंडात ३६ टक्के निकेल घातलेला हा मिश्रधातू तापला तरी जवळपास वाढत नाही, आणि त्याच्या शोधासाठी गियोम यांना १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. तो का लागतो? साधं पोलाद दर मीटरला दर अंशाला बारा मायक्रॉन वाढतं, इन्व्हार एखाद-सव्वा मायक्रॉन. इंचाला पाचशे पिक्सेल असलेल्या पडद्यावर दोन पिक्सेलमधलं अंतर एक्कावन्न मायक्रॉन, आणि त्यात लाल, हिरवा, निळा तिघांना बसवायचं. बारा मायक्रॉन सरकले की संपलं. या पत्र्याला फेरिक क्लोराइडने दोन्ही बाजूंनी खाऊन भोकं पाडतात, मग पट्ट्या ताणून चौकटीवर वेल्ड करतात. ताण कमी पडला तर पत्रा मध्ये झोळ खातो, जास्त झाला तर भोकांचा आकार बिघडतो. पत्रा जाड असेल तर भोकाच्या कडेची सावली पडून थर कडेला पातळ होतो.

मास्कच्या धंद्यात आपण पडू नये असं आम्हाला वाटतं. इतका पातळ आणि निर्दोष इन्व्हार लाटणारे जगात मोजके, आणि चीनची व्हिजनॉक्स तर हफेच्या नव्या कारखान्यात मास्क वगळून फोटोलिथोग्राफीने, म्हणजे प्रकाशाने नक्षी उमटवून, पिक्सेल कोरायला निघाली आहे. आपण दहा वर्षांनी मास्क शिकलो तोवर त्याची गरजच उतरणीला लागलेली असू शकते. रेणू मात्र कुठल्याही तंत्राला लागणारच.

पुरवठादाराची पकड राजकारणातही कशी वापरली जाते ते १ जुलै २०१९ ला दिसलं. जपानने त्या दिवशी कोरियाला जाणाऱ्या तीन पदार्थांवर निर्यात-परवान्याची अट जाहीर केली: फोटोरेझिस्ट (चिपवर नक्षी उमटवायचा प्रकाशसंवेदी लेप), हायड्रोजन फ्लोराइड आणि फ्लोरिनयुक्त पॉलिइमाइड. तिसरा पदार्थ घडीच्या फोनच्या पडद्याचा. पहिल्या आणि तिसऱ्या मालात कोरियाचं जपानवरचं अवलंबन नव्वद टक्क्यांच्या वर होतं. जगातले सर्वांत मोठे पडदेवाले आणि चिपवाले एका परवान्याच्या कागदासाठी ताटकळले. कोरियाने त्यानंतर साहित्य, सुटे भाग आणि यंत्रं या तिन्हींची आद्याक्षरं जुळवून ‘सोबुजांग’ नावाने धोरण चालवलं, देशी पुरवठादारांना पैसा दिला, आणि मोठ्या कंपन्यांना त्यांच्या मालाची चाचणी घ्यायला लावलं. मार्च २०२३ मध्ये जपानने निर्बंध मागे घेतले तोवर कोरियाने धडा घेऊन टाकला होता. कारखाना असूनही पूड नसली तर काय होतं, ते कारखाना असलेल्या देशाला कळलं. आपल्याकडे अजून कारखानाही नाही आणि आपण आधी तोच मागतो आहोत.

डिसेंबर २०२१ च्या केंद्राच्या ७६ हजार कोटींच्या योजनेत डिस्प्ले फॅबला (पडद्याच्या कारखान्याला) खर्चाच्या निम्म्यापर्यंत मदत ठेवली होती, एका फॅबला कमाल १२ हजार कोटी. ओएलईडीसाठी अट किमान सहाव्या पिढीची, म्हणजे १५०० गुणिले १८५० मिलिमीटरची काच. २०२४ अखेरपर्यंत या कार्यक्रमात चिपचे प्रकल्प मंजूर झाले, डिस्प्ले फॅब एकही नाही. याचं आश्चर्य वाटायला नको. चीनच्या बीओई या पडदा कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये चेंगडूला ८.६ पिढीचा एक ओएलईडी कारखाना जाहीर केला, महिन्याला ३२ हजार काचांचा. खर्च ६३ अब्ज युआन, त्या वेळच्या दराने सत्तर हजार कोटी रुपयांच्या पुढे. आपली अख्खी योजना आणि त्यांचा एक कारखाना साधारण एका मापाचे. मार्च २०२५ मध्ये मंजूर झालेली २२,९१९ कोटींची इलेक्ट्रॉनिक घटकांची योजना त्या मानाने शहाणी आहे, पण तिच्यातही डिस्प्लेच्या नावाने जे आहे ते मॉड्यूल जोडणी: आयात पॅनलला ड्रायव्हर चिप, लवचिक पट्टी आणि वरची काच चिकटवणं. काम चांगलं आहे, करावं. पण त्यात रेणूची अक्कल लागत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: घरात गिऱ्हाईक नसताना दुकान कशाला? गिऱ्हाईक शेजारी असावं लागतं हा समज या धंद्यात टिकत नाही. जर्मनीत मोबाइलचा पडदा बनत नाही, पण डार्मस्टाटची मेर्क ओएलईडीचे पदार्थ विकते. ड्रेस्डेनच्या नोव्हालेडचं थरांतून वीज सहज जावी यासाठीच्या डोपिंगचं तंत्र इतकं उपयोगी ठरलं की २०१३ मध्ये सॅमसंग समूहाने ती कंपनीच घेतली. पडद्याच्या पिक्सेलमागचा सिलिकॉनचा थर वितळवून स्फटिकी करणारे ३०८ नॅनोमीटरचे एक्सायमर लेसर जर्मनीतल्याच गटिंगेनहून येतात. अडीच मिलिग्रॅमचा माल विमानाने कुठेही जातो, वाहतुकीचा खर्च हिशेबात धरण्याइतकाही नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: पेटंट. शेवटचा रेणू कुणाच्या तरी मालकीचा असतो आणि तो आपण चोरून बनवू शकत नाही, बनवूही नये. पण त्या रेणूच्या आधीच्या चार-पाच पायऱ्या असतात, कार्बाझोलचे, ट्रायअरिलअमीनचे, बोरॉनिक आम्लाचे इंटरमीजिएट. औषधांच्या बाबतीत तारापूर, रोहा, महाड, लोटे इथल्या प्लांटनी तीस वर्षं हेच केलं आहे: पेटंट त्यांचं, बॅच आपली. रिॲक्टर आहेत, हवाबंद अभिक्रिया चालवणारी माणसं आहेत, क्यूसीची शिस्त आहे. नाही ती संप्लवनाची नळी आणि हॅलोजन मोजायची सवय.

तिसरा आक्षेप आम्हीच घेतो. यातून हजारो नोकऱ्या निघणार नाहीत. पंचवीस किलोच्या गणितातच ते दडलं आहे. वाया जाणारा माल धरून ते दहापट केलं तरी कोटी फोनमागे टनाला टेकत नाही. टनांचा विचार करणाऱ्या मालकाला हे पोरखेळ वाटेल. शिवाय कॉलममधून शुद्ध करताना एका किलोमागे द्रावकाची कित्येक पिंपं लागतात, आणि तारापूरच्या सांडपाण्याचा इतिहास पाहता द्रावक परत मिळवायची सोय प्लांटच्या पहिल्याच आराखड्यात नसेल तर परवानगी देऊ नये. ज्याला रोजगाराचा आकडा जाहीर करायचा आहे त्याने या वाटेला येऊ नये. इथे मिळतो तो नफ्याचा टक्का, आणि आपल्यावाचून दुसऱ्याचं अडणं.

सरकारने मग करायचं काय? कुणा एका कंपनीला भूखंड आणि वीजसवलत देऊन हे होणार नाही. लागते ती सामायिक चाचणी-सोय. एकट्या मध्यम कंपनीला छोटं बाष्पीभवन यंत्र, एक पीपीएमखाली पाणी आणि ऑक्सिजन राखणारी ग्लोव्हबॉक्स, आणि महिनोन्महिने दिवे पेटवून ठेवणारी आयुष्य-चाचणीची मांडणी घेणं परवडत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी, जिथे सेंद्रिय रसायनाची माणसं आधीच आहेत, अशी सोय शुल्क घेऊन सगळ्यांना खुली ठेवता येईल. आयआयटी कानपूरच्या लवचिक इलेक्ट्रॉनिक्स केंद्रात असं काम चालतं, त्यामुळे ते भारतात होतच नाही असं कुणी म्हणू नये. तिथे आणि इथे एकाच नमुन्याचे आकडे जुळले की कोरियाच्या ग्राहकापुढे ठेवायला कागद मिळतो.

आणि एक गोष्ट महाराष्ट्राच्या दारात आहे, जिच्याकडे पडद्याच्या चर्चेत कुणाचं लक्ष जात नाही. ओएलईडीतला निळा रंग सगळ्यांत आधी म्हातारा होतो, कारण निळ्या प्रकाशाची ऊर्जा रेणूतले बंध तोडण्याच्या जवळपास जाते. त्यावर एक उपाय म्हणजे रेणूतल्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम बसवणं. तो दुप्पट जड, त्यामुळे कार्बनशी असलेला त्याचा बंध तुटायला सावकाश. एलजी डिस्प्लेने डिसेंबर २०२१ मध्ये टीव्हीच्या पॅनलसाठी हे जाहीरच केलं. ड्युटेरियम मिळतं जड पाण्यातून. निसर्गात सुमारे साडेसहा हजार हायड्रोजनमागे एक, म्हणून ते वेगळं काढणं महाग. आणि भारत जड पाण्याचा जगातल्या मोठ्या उत्पादकांपैकी एक आहे, निर्यातही करतो, कोरियालासुद्धा केली आहे. त्याचा एक प्लांट अलिबागजवळ थळला, आरसीएफच्या खत कारखान्याला लागून, १९८७ पासून. जड पाणी मंडळाचं मुख्यालय अणुशक्तीनगरला.

ड्युटेरियम बसवताना पदार्थ जड पाण्यात उत्प्रेरकाबरोबर तापवतात. हायड्रोजन बाहेर येतो, ड्युटेरियम आत जातो, आणि पाणी तेवढं पातळ होतं. अणूंची अदलाबदल पूर्ण व्हायला हवी तर ताज्या जड पाण्याने हे दोन-तीनदा करावं लागतं. वापरलेलं पाणी टाकून देणं परवडत नाही, ते पुन्हा तीव्र करावं लागतं, आणि ते ज्याला करता येतं तो पुरवठादार महाराष्ट्राच्या दारातच आहे. अडचण अशी की जड पाणी अणुऊर्जा कायद्याखालचा विहित पदार्थ आहे, त्यामुळे प्रत्येक व्यवहाराला परवानगी. ती असावीच. पण छोट्या रासायनिक कंपनीला वर्षाला शंभर किलो जड पाणी कुठल्या अर्जावर, किती दिवसांत, कुठल्या दराने मिळेल आणि पातळ झालेलं परत कोण घेईल, याचं एक छापील पान निघायला काय हरकत आहे? डार्मस्टाट किंवा सोलचा खरेदीदार पहिल्या भेटीत दहा ग्रॅमचा नमुना मागतो. दुसऱ्या भेटीत दुसऱ्या बॅचचा, आणि तिसऱ्या भेटीत विचारतो की पुढची तीन वर्षं ड्युटेरियम कुठून आणणार. त्या पानाची प्रत तेव्हा टेबलावर लागते.